डिस्क ब्रेकच्या सायकलची चाके काढणे-बसवणे आणि ब्रेकची निगा

प्रश्न : इंदिरानगरकर

सर्वांना नमस्कार. घरात दोन सायकली आहेत आणि दोन्हींना डिस्क ब्रेक आहेत. माझ्या सायकलचे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे असून तिची दोन्ही चाके थ्रू एक्सलवर, म्हणजे आरपार जाणाऱ्या दांड्यावर बसतात. मुलाच्या सायकलचे ब्रेक केबलवर चालणारे, म्हणजे मेकॅनिकल आहेत. तिचे पुढचे चाक क्विक रिलीजचे (हाताने लिव्हर उघडून निघणारे), तर मागचे साध्या नटांवर आवळलेले आहे. यापूर्वी मी बरीच वर्षे रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवर रबर दाबणाऱ्या ब्रेकची सायकल चालवली. ब्रेक सैल केला, लिव्हर उघडला की चाक हातात येत असे आणि परत बसवताना विशेष विचार करावा लागत नसे. डिस्क ब्रेकच्या बाबतीत मात्र तेच काम केल्यावर दर वेळी काहीतरी नवे उद्भवते, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

रविवारी आम्ही दोन्ही सायकली पुढची चाके काढून गाडीत घालतो, नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे नांदुरीला जातो आणि तेथून सप्तशृंगी गडाचा घाट चढतो. नांदुरीत चाके परत बसवली की मुलाच्या सायकलचा पुढचा ब्रेक बहुतेक वेळा घासू लागतो. माझ्या सायकलचा क्वचितच घासतो आणि लिव्हर चार-पाच वेळा दाबल्यावर तो आवाज थांबतोही. मुलाची सायकल आमच्या भागातील एका दुकानात दाखवली, तेव्हा तेथील कारागिराने कॅलिपरचे (ब्रेकचे पॅड ज्यात बसतात त्या भागाचे) दोन बोल्ट ढिले केले, ब्रेक दाबून धरला आणि बोल्ट पुन्हा आवळले. घासणे थांबले, पण पुढच्या रविवारी चाक काढून बसवल्यावर पुन्हा तोच आवाज येऊ लागला. असे वारंवार होत आहे.

चाक काढण्या-बसवण्याची अशी काही पद्धत आहे का, की जिच्यामुळे प्रत्येक वेळी कॅलिपरला हात लावावा लागणार नाही? सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करावी की करू नये, याबाबत मला दोन अगदी विरुद्ध सल्ले मिळाले आहेत. त्यांपैकी ग्राह्य कोणता? त्र्यंबक आणि इगतपुरीकडच्या पावसात चालवलेल्या सायकलच्या ब्रेकची निगा घरी कितपत राखता येते? आणि स्कूटरच्या दुकानात मिळणारे ब्रेक ऑइल माझ्या ब्रेकला चालेल का? कोणत्या मापाची हत्यारे घ्यावीत हेही कृपया लिहावे.


उत्तर : अंबड टूलरूम

आपल्या वर्णनावरून मुलाच्या सायकलचा दोष कॅलिपरमध्ये नसून चाक बसण्यात आहे, असे माझे मत झाले आहे. रिम ब्रेकमध्ये रबर आणि रिम यांच्यात प्रत्येक बाजूला एक-दोन मिलिमीटर मोकळीक असते, त्यामुळे चाक किंचित तिरके बसले तरी फारसे बिघडत नाही. डिस्क ब्रेकमध्ये पॅड (घासणाऱ्या पट्ट्या) आणि रोटर (चाकाला जोडलेली धातूची चकती) यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते आणि एक्सल खाचेत एका बाजूने जरासा अधर राहिला, तरी एका बाजूची फट पूर्ण संपते. आता दुकानात काय घडत असावे ते पाहा. चाक तिरके बसलेले असताना कारागिराने कॅलिपर त्या तिरक्या चाकाशी जुळवून दिला, म्हणून त्या दिवशी आवाज थांबला. पुढच्या रविवारी चाक सरळ बसले, किंवा निराळ्या बाजूला कलून बसले, आणि जुळवलेला कॅलिपर चुकीचा ठरला. तेव्हा आधी चाक दर वेळी एकाच जागी बसेल अशी व्यवस्था करावी आणि त्यानंतरच कॅलिपर एकदा काळजीपूर्वक जुळवावा. पुढे पॅड बदलेपर्यंत त्याला सहसा हात लावावा लागत नाही.

क्विक रिलीजचे चाक बसवताना सायकल जमिनीवर, स्वतःच्या दोन्ही चाकांवर उभी असावी. लिव्हर उघडा ठेवून हँडलवर वरून थोडा भार दिला की एक्सल दोन्ही खाचांच्या तळाला टेकतो. तो भार तसाच ठेवून लिव्हर मिटावा. सायकल आडवी पडलेली असताना किंवा एका हाताने उचलून धरलेली असताना लिव्हर मिटला, तर एक्सल कोठे टेकला आहे याचा भरवसा नसतो. लिव्हर अर्ध्या वाटेवर, म्हणजे एक्सलच्या रेषेत आला की जोर लागू लागावा आणि पूर्ण मिटल्यावर तळहातावर त्याची खूण उमटावी, इतपत तो घट्ट असावा. घट्टपणा कमी-जास्त करायचा तो विरुद्ध बाजूच्या नटाने. लिव्हर न मिटता नुसता गोल फिरवून आवळणारे पुष्कळ लोक मी गंगापूर रोडवर पाहतो, आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

त्या काळजीला कारण आहे. पुढचा कॅलिपर चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) मागच्या बाजूला असतो आणि सायकल पुढे जात असताना रोटरचा तेवढा भाग खालून वर फिरत असतो. ब्रेक दाबला की कॅलिपर त्या भागाला अडवतो, म्हणजेच खाली ढकलतो, आणि चिमट्याच्या खाचांची तोंडेही खालीच उघडी असतात. त्यामुळे जोराने लावलेला पुढचा ब्रेक एक्सलला खाचेतून बाहेर काढू पाहतो. खाचेच्या तोंडाशी असलेले लहान उंचवटे चाकाला आधार देतात, म्हणून चाक पटकन निघावे यासाठी ते कानशीने घासून टाकू नयेत. मात्र लिव्हरच्या पकडीची जागा ते घेऊ शकत नाहीत. थ्रू एक्सल बंद भोकातून आरपार जातो, तेव्हा तेथे हा प्रश्नच उरत नाही आणि चाकही दर वेळी जवळजवळ त्याच जागी बसते. आपल्या सायकलचा त्रास मुलाच्या सायकलपेक्षा कमी आहे तो यामुळेच.

थ्रू एक्सलला बहुधा ६ मि.मी.ची ॲलन की लागते. काहींना स्वतःचाच लिव्हर असतो. आटे प्रथम बोटांनी फिरवावेत आणि ते सहज धरले आहेत असे दिसल्यावरच किल्ली लावावी, कारण आडवे धरलेले आटे जोराने फिरवले तर नुकसान एक्सलचे न होता फ्रेमचे होते. किती आवळायचे ते न्यूटन-मीटरमध्ये बऱ्याच एक्सलवर कोरलेले असते. एकदा अगदी हलका आणि एकदा खूप घट्ट आवळला, तरी रोटर किंचित सरकून घासू शकतो. एक्सलला ग्रीसचा पातळ थर द्यावा, पण त्या बोटांनी रोटरला स्पर्श करू नये.

घासण्याचा आवाज आला की हत्यार उचलण्यापूर्वी चाक उचलून फिरवावे आणि ऐकावे. आवाज सलग असेल तर चाक किंवा कॅलिपर तिरका आहे. प्रत्येक फेरीत एकदाच, त्याच जागी येत असेल तर रोटर वाकलेला आहे आणि कॅलिपर कितीही हलवला तरी तो आवाज जाणार नाही. गाडीत चाक रोटर खाली करून ठेवले आणि त्यावर सामान पडले की रोटर हमखास वाकतो, म्हणून रोटरची बाजू नेहमी वर ठेवावी. थोडासा वाकलेला रोटर स्वच्छ कापड गुंडाळलेल्या ॲडजस्टेबल पान्याने हळूहळू सरळ करता येतो. एका दमात तो सरळ करण्याचा हट्ट धरू नये.


उत्तर : पंचवटी सायकल दुरुस्ती

अंबडच्या साहेबांनी सांगितलेला क्रम योग्यच आहे. त्यात दुकानदार म्हणून दोन गोष्टींची भर घालतो. स्वस्त सायकलींच्या चिमट्याच्या खाचांमध्ये कारखान्यातील रंगाचे जाड थर राहिलेले असतात आणि ते दोन्ही बाजूंना सारखे नसतात. अशा सायकलवर कितीही भार देऊन लिव्हर मिटला तरी चाक एका बाजूला कललेलेच बसते. खाचेतील रंगाचे थेंब कानशीने हलकेच साफ करावेत. रंगच काढावा, धातूला लागू नये. कॅलिपर ज्या दोन पायांवर बसतो त्यांच्यावरही असाच रंग साठलेला असतो आणि त्यामुळे बोल्ट आवळताना कॅलिपर आपोआप वळतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्या मुलाच्या सायकलचा ब्रेक मेकॅनिकल आहे आणि या किमतीच्या बहुतेक मेकॅनिकल ब्रेकमध्ये दोनपैकी बाहेरचा पॅडच हलतो. स्पोकांच्या बाजूचा आतला पॅड स्थिर असतो. ब्रेक दाबला की बाहेरचा पॅड रोटरला किंचित वाकवून आतल्या पॅडवर टेकवतो. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन्ही पिस्टन हलतात, त्यामुळे बोल्ट ढिले करून, लिव्हर दाबून, बोल्ट आवळण्याची युक्ती तेथे चालते. एकच पॅड हलणाऱ्या ब्रेकवर तीच युक्ती जशीच्या तशी केली, तर कॅलिपर आतल्या पॅडला रोटर चिकटलेल्या अवस्थेत घट्ट होतो आणि घासणे कायम राहते. योग्य पद्धत अशी : चाक नीट बसवून घ्यावे, कॅलिपरचे दोन्ही बोल्ट ५ मि.मी.च्या ॲलन कीने ढिले करावेत, आतल्या पॅडचा स्क्रू (तोही बहुधा ५ मि.मी.चा असतो आणि स्पोकांमधून किल्ली घालून फिरवता येतो) थोडा आत घ्यावा, मग लिव्हर दाबून धरून दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी आतला स्क्रू किंचित उलटा फिरवून फट मोकळी करावी. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) असेल तर कॅलिपरच्या बोल्टांना साधारण ६ ते ८ न्यूटन-मीटर पुरतात. पाठीमागे पांढरा कागद धरला की दोन्ही बाजूंच्या फटी डोळ्यांना स्पष्ट दिसतात.

पॅड झिजल्यावर मेकॅनिकल ब्रेक स्वतःहून जुळवून घेत नाही. लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला की बहुतेक लोक लिव्हरजवळचे गोल नट फिरवून केबल ताणत राहतात. केबल फार ताणली की कॅलिपरवरचा हात (केबल ज्याला ओढते तो दांडा) आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि ब्रेकचा जोर उलट कमी होतो. त्याऐवजी आतला स्थिर पॅड स्क्रूने पुढे घ्यावा, आणि हात पूर्ण मागे आलेला आहे असे पाहून उरलेली ढिलाईच केबलने काढावी.

मुलाच्या सायकलच्या मागच्या चाकासाठी १५ नंबरचा पाना लागेल, आणि एकाच वेळी दोन्ही बाजूंनी धरता यावे म्हणून असे दोन पाने असलेले बरे. नटांच्या चाकात एक्सल मागे-पुढे सरकायला जागा असते, म्हणून दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत आणि चाक फ्रेमच्या मधोमध असल्याची खात्री करावी. आपण विचारलेल्या हत्यारांत ४, ५ आणि ६ मि.मी.च्या ॲलन की, रोटर सहा बोल्टांचा असेल तर टी-२५ ची टॉर्क्स की आणि प्लास्टिकचे टायर लिव्हर एवढे पुरेसे आहे. मधल्या मोठ्या रिंगने बसणाऱ्या सेंटरलॉक रोटरसाठी वेगळे हत्यार लागते. ते काम दुकानावर सोपवावे.

हायड्रॉलिक सायकलचे चाक गाडीत नेण्यासाठी काढले की पॅडच्या मधल्या फटीत सायकलबरोबर आलेला प्लास्टिकचा तुकडा घालून ठेवावा. तो हरवला असेल तर पुठ्ठ्याची जाड घडी चालते. चाक नसताना कोणी लिव्हर दाबला तर पिस्टन पुढे येतात, पॅड एकमेकांजवळ सरकतात आणि रोटर आत जातच नाही. तसे झाले तर पॅड जागेवर ठेवूनच त्यांच्यामध्ये टायर लिव्हर घालून दोन्ही बाजू हळूहळू मागे ढकलाव्यात. पॅड काढून उघड्या पिस्टनवर स्क्रू ड्रायव्हर टेकवू नये. काही पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि त्यांचा टवका उडतो. केबलच्या ब्रेकला ही अडचण नाही, कारण लिव्हर सोडल्यावर स्प्रिंग पॅडला मागे घेते.

आणि कृपया सायकल मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरला नेऊ नका. तेथे धुण्याच्या शेवटी चमक यावी म्हणून डिझेल किंवा पॉलिश फवारतात. पॅड सच्छिद्र असल्याने ते तेल आत ओढून घेतात, आणि पुढे ब्रेक लावला की किंचाळल्यासारखा आवाज येतो पण सायकल थांबत नाही. जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या कर्कश ब्रेकांचे एक मोठे कारण हेच असते. असे पॅड गॅसच्या शेगडीवर भाजण्याचे प्रयोग लोक करतात. मी ते करत नाही आणि कोणाला सांगतही नाही. तेल पूर्ण मुरलेले पॅड बदलावेत.


उत्तर : लांबपल्ला

मी ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) चालवते आणि पावसाळ्यात त्र्यंबक-पहिने-घोटी या भागात माझे नियमित जाणे असते, म्हणून उलट्या सायकलच्या आणि पावसाच्या प्रश्नाविषयी लिहिते.

आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले आपापल्या जागी खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या ब्रेकांसाठी आहेत. मेकॅनिकल ब्रेकची सायकल उलटी केल्याने ब्रेकचे काहीही बिघडत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेलाची टाकी लिव्हरपाशी असते आणि तिच्यात थोडी हवा राहिलेली असेल तर सायकल उलटी केल्यावर ती नळीत शिरू शकते. मग लिव्हर पोकळ लागतो. ब्रेक नीट ब्लीड केलेला, म्हणजे तेलातली हवा काढून टाकलेला असेल तर असे सहसा होत नाही. तरीही उलटी केलेली सायकल सरळ केल्यावर थोडा वेळ उभी ठेवून दोन्ही लिव्हर सावकाश अनेकदा दाबून पाहावेत आणि ते पूर्ववत कडक लागल्याशिवाय निघू नये, विशेषतः घाटाच्या माथ्यावरून. शिवाय उलटी असताना लिव्हर दाबायचा नाहीच. मी स्वतः पंक्चर काढतानाही सायकल उलटी करत नाही. डाव्या बाजूवर झाडाला किंवा मैलाच्या दगडाला टेकवते आणि चाक काढून झाल्यावर फ्रेम उजवी, म्हणजे गिअरची बाजू वर ठेवून गवतावर आडवी करते.

मागचे चाक काढण्याची धास्ती अनेकांना वाटते. चाक काढण्याआधी चेन सर्वांत लहान दात्यावर (दातेरी चक्रावर) आणावी. तेवढे केले की चेन सैल होते आणि निम्मे काम संपते. डीरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला) क्लच, म्हणजे चेन ताणून ठेवणारी सोय असेल तर त्याचे बटण बंद करावे. मग एका हाताने डीरेलर मागे ओढून धरावा आणि चाक खाली सोडावे. बसवताना मात्र लक्ष चेनकडे न ठेवता आधी रोटरकडे ठेवावे. रोटर पॅडच्या फटीत सरळ शिरला, की चेन लहान दात्यावर बसली आहे ना हे पाहून चाक वर ओढावे. रोटर पॅडच्या कडेवर आपटला तर पॅडचा कोपरा तुटू शकतो.

पंचवटीच्या दादांनी न लिहिलेली एक गोष्ट क्विक रिलीजबाबत सांगावीशी वाटते. काही जुने लिव्हर १८० अंशांपेक्षा अधिक उघडतात आणि सैल राहिले तर फिरत्या रोटरमध्ये अडकू शकतात. याच कारणाने २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने एकट्या अमेरिकेतून सुमारे ९ लाख सायकली तपासणीसाठी परत मागवल्या होत्या. मुलाच्या सायकलचा लिव्हर पूर्ण उघडून रोटरच्या दिशेने फिरवून पाहा; लिव्हर आणि रोटर यांच्यात साधी पेन्सिल मावत नसेल, म्हणजे सुमारे ६ मि.मी.पेक्षा कमी जागा राहत असेल, तर लिव्हर बदलून घ्यावा. पुढच्या चाकाचा लिव्हर मी रोटरच्या विरुद्ध बाजूला ठेवते. गड उतरल्यानंतर रोटर इतका तापलेला असतो की त्याला बोट लागले तर फोड येतो, आणि लिव्हर त्याच बाजूला असेल तर घाईत नेमके तेच घडते. नांदुरीला उतरल्याबरोबर चाके काढू नका, आधी चहा घ्या.

उतारावर ब्रेक सलग हलका दाबून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडावी. त्यामुळे उष्णतेला निघून जायला वेळ मिळत नाही, रेझिनचे (राळेने बांधलेले, मऊ) पॅड वरून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि त्यांची पकड कमी होते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग कमी करावा आणि मग पूर्ण सोडावेत.

पावसात पॅड किती लवकर झिजतात याची कल्पना कोरड्या दिवसांत चालवणाऱ्याला येत नाही. पाण्याबरोबर उडालेली वाळू आणि चिखल पॅड व रोटर यांच्यामध्ये जातो आणि दोन्हींना घासत राहतो. सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी ठिकठिकाणी चाललेल्या कामांमुळे आपल्या रस्त्यांवर या गाळाची कमतरता नाही. घरी आल्यावर बादलीतले साधे पाणी कॅलिपरवर ओतून गाळ काढावा, चाक फिरवून पाणी निथळू द्यावे आणि रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ, न वापरलेल्या कापडाने पुसावा. मोबाईल दुरुस्तीसाठी लागते म्हणून ते एम.जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळते. स्वयंपाकघरातला साबण, पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये. चेनला तेल देताना स्प्रे टाळून थेंब थेंब द्यावे. स्प्रेच वापरायचा असेल तर रोटरवर प्लास्टिकची पिशवी चढवावी.

पॅडची जाडी महिन्यातून एकदा तरी टॉर्चने पाहावी. शिमानो आपल्या पॅडसाठी घासणारा थर ०.५ मि.मी. उरला की बदला असे सांगते. पावसाळ्यात मी एवढी वाट पाहत नाही, कारण उरलेला थर एका लांबच्या ओल्या फेरीत संपू शकतो आणि मग धातूची पट्टी रोटर खरवडते. रोटरचीही मर्यादा असते. शिमानोचा नवा रोटर साधारण १.८ मि.मी. जाड असतो आणि १.५ मि.मी.वर तो बदलायचा असतो. बहुतेक रोटरवर ही किमान जाडी कोरलेली असते.

पावसासाठी सिंटर्ड, म्हणजे धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात. ते आवाज जास्त करतात आणि थंड असताना सुरुवातीला कमी धरतात, पण मला ते मान्य आहे. मात्र आपल्या रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरावेत असे लिहिले असेल तर ते बसवू नयेत. स्वस्त सायकलींचे रोटर पुष्कळदा असेच असतात.

नवे पॅड बसवल्यावर लगेच घाटात जाऊ नये. मोकळ्या सपाट रस्त्यावर, सकाळी लवकर गंगापूर धरणाच्या बाजूला गेले तर उत्तम, ताशी २० ते २५ किलोमीटर वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत सायकल हळू करावी, पूर्ण थांबवू नये, आणि हेच प्रत्येक ब्रेकने स्वतंत्रपणे वीसेक वेळा करावे. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा चढल्यावरच खरी पकड येते.


इंदिरानगरकर

तिघांचेही मनापासून आभार. काल मुलाच्या सायकलच्या चिमट्याच्या खाचा पाहिल्या. डाव्या खाचेत रंगाचा ठळक ओघळ होता, तो काढला. त्यानंतर पंचवटीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आतल्या पॅडच्या स्क्रूसह कॅलिपर जुळवला आणि सायकल जमिनीवर उभी ठेवून चाक पुन्हा पुन्हा काढून-बसवून पाहिले. आवाज आला नाही. लिव्हर आणि रोटर यांच्यामध्ये पेन्सिल आरामात मावते.

एक शंका राहिली. माझ्या हायड्रॉलिक ब्रेकचा मागचा लिव्हर पहिल्यांदा दाबला की बराच आत जातो, आणि लागोपाठ दोन-तीनदा दाबला की कडक होतो. हे पॅड झिजल्यामुळे आहे की तेलामुळे? आणि तेलाच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.


पंचवटी सायकल दुरुस्ती

लागोपाठ दाबल्यावर लिव्हर कडक होत असेल तर बहुधा नळीत हवा आहे आणि ब्रेक ब्लीड करावा लागेल. आधी पॅड मात्र पाहून घ्या. पॅड खूप झिजले असले की पिस्टन बरेच बाहेर आलेले असतात आणि टाकीतले तेल कमी पडते, तेव्हा पॅड व ब्लीडिंग ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे सोयीचे पडते.

स्कूटरच्या दुकानात मिळते ते डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे तेल असते. शिमानो, टेक्ट्रो आणि मॅगुरा यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल वापरतात. त्यात डॉट तेल घातले तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांत आणि होपच्या ब्रेकांत डॉट तेल लागते. तेथे मिनरल ऑइल घातले तरी सीलं तशीच खराब होतात. कोणते तेल हवे ते लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर छापलेले असते. ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका आणि सांगीवांगीवर विश्वास ठेवू नका. डॉट तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे अर्धवट वापरलेली जुनी बाटली पुढच्या वर्षी वापरू नये, आणि ते फ्रेमवर सांडले तर रंग उडवते.

घरी ब्लीडिंग करायचे असेल तर आपल्या ब्रेकच्या कंपनीचे किट घ्यावे. त्या वेळी पॅड आणि चाक दोन्ही काढून बाजूला ठेवावे आणि पॅडच्या जागी ब्लीड ब्लॉक (पिस्टन मागे धरणारा ठोकळा) घालावा, कारण एखादा थेंब सांडणारच. काम संपल्यावर कॅलिपर अल्कोहोलने पुसून मगच पॅड आत घालावेत, चाक बसवावे, लिव्हर रबर बँडने दाबून रात्रभर ठेवावा आणि सकाळी नळीच्या जोडांपाशी कोरडा कागद टेकवून पाहावा. कागद ओला झाला तर जोड गळतो आहे. तेव्हा सायकल रस्त्यावर न काढता दुकानात आणा.